नास्तिकता ही श्रद्धा आहे का, आणि पुरावा कोणी द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देव आहे की नाही यावरचा वाद बहुतेक वेळा देवापर्यंत पोचतच नाही. तो दारातच दोन वाक्यांवर अडकतो. एकीकडून येतं, ‘तुझी नास्तिकता हीसुद्धा श्रद्धाच.’ दुसरीकडून, ‘आहे म्हणतोस ना, मग पुरावा दे.’ खालची उत्तरं एका नास्तिकाने लिहिली आहेत, तेव्हा कल कुठे आहे हे उघडच आहे. तरी नास्तिकांच्या काही लाडक्या पळवाटाही इथे उघड्या पडलेल्या दिसतील.

नास्तिकता हीसुद्धा एक श्रद्धाच नाही का?

कोणत्या नास्तिकाबद्दल बोलताय त्यावर आहे. या एका पाटीखाली किमान तीन माणसं उभी असतात. पहिला म्हणतो, ‘मी कधी विचारच केला नाही. घरात हा विषय निघालाच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘विचार केला. देव असल्याची जी कारणं सांगतात, ती मला पटली नाहीत.’ तिसरा म्हणतो, ‘देव नाही.’

पहिल्याला याबाबत काही मतच नाही. दुसऱ्याला मत आहे, पण ते देवाबद्दल नसून लोकांनी पुढे केलेल्या कारणांबद्दल आहे: ती तोकडी पडतात. तिसऱ्याने मात्र जगाबद्दल विधान केलं आहे, आणि ते मत आहे हे त्याने सरळ कबूल करावं. ‘मी फक्त विश्वास ठेवत नाही, माझं काहीच म्हणणं नाही’ असं म्हणत तिसऱ्याने दुसऱ्याच्या ओळीत जाऊन उभं राहणं मला पटत नाही.

पण मत असलं म्हणजे श्रद्धा झाली असं नाही. दोन्हींतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: काय दिसलं तर तू हे मत सोडशील? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, त्याचं मत हे मत आहे. ‘काहीही दिसलं तरी सोडणार नाही’ म्हणणाऱ्याची श्रद्धा आहे, मग तो कपाळाला बुक्का लावणारा असो की देव्हारा माळ्यावर टाकणारा. अशी श्रद्धाळू नास्तिक मंडळी असतात. संख्येने फार नाहीत, पण आवाज मोठा असतो.

मग नुकतं जन्मलेलं बाळ नास्तिक म्हणायचं का?

हौस असेल तर म्हणा. त्या हिशेबाने पाटा-वरवंटाही नास्तिकच. ज्याला प्रश्नच कळलेला नाही त्याला उत्तराच्या एका बाजूला बसवून संख्या वाढते, वाद पुढे सरकत नाही.

बरं, पुरावा द्यायची जबाबदारी नक्की कोणाची?

जो विधान करतो त्याची, आणि त्याच विधानापुरती. ‘आस्तिकाची’ किंवा ‘नास्तिकाची’ असं सरसकट उत्तर देणारा घाईत आहे. ही जबाबदारी माणसाला चिकटत नाही, वाक्याला चिकटते. एकच माणूस एका वाक्याला पुरावा देणं लागतो आणि पुढच्या वाक्याला समोरच्याकडून पुरावा मागू शकतो.

आपल्या कोर्टातही हेच चालतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०१ सांगायचं की, ज्याला काही वस्तुस्थितीच्या आधारावर न्यायालयाकडून निर्णय हवा आहे, त्याने ती वस्तुस्थिती शाबीत करावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तिथे हे कलम १०४ झालं, तत्त्व तेच राहिलं.

वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो, ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’. याचा अर्थ आरोपीने गुन्हा केला नाही हे सिद्ध झालं, असा होत नाही. सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, एवढाच होतो. वर सांगितलेला दुसरा नास्तिक नेमका इथे उभा आहे. ‘देव नाही हे तू सिद्ध केलंस का?’ असं त्याला विचारणं म्हणजे सुटलेल्या आरोपीकडे निरपराधपणाचा दाखला मागण्यासारखं आहे.

तिसऱ्याला मात्र ही सूट नाही. ‘देव नाही’ म्हणालास ना, आता कारणं दे.

पण एखादी गोष्ट ‘नाही’ हे सिद्ध करताच येत नाही ना?

येतं. हा गैरसमज दोन्ही बाजूंनी जिवापाड जपलाय, कारण दोघांनाही तो सोयीचा आहे. सर्वांत मोठी मूळ संख्या अस्तित्वात नाही, हे युक्लिडच्या काळापासून सिद्ध आहे. तुम्ही बसलाय त्या खोलीत हत्ती नाही, हे तुम्ही मान वळवून सिद्ध करू शकता.

खरा प्रश्न असा की न दिसण्यावरून नसणं कधी ठरतं. याचा कीस आपल्याकडे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच पाडला गेला आहे. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी) अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधनच मानलं. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते घेतलं. नैयायिकांना, म्हणजे ‘न्याय’ या जुन्या तर्कशास्त्राच्या पंडितांना, वेगळं साधन मान्य नव्हतं, पण अभाव कळतो हे त्यांनाही मान्य होतं. अट एकच: ती वस्तू तिथे असती तर आढळली असती, अशी परिस्थिती हवी. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. या अटीला ते ‘योग्यता’ म्हणत आणि अशा न आढळण्याला योग्यानुपलब्धी.

याच सुमाराला धर्मकीर्ती हा बौद्ध तर्कपंडित होऊन गेला. त्याच्या परंपरेत उदाहरण घेतात ते पिशाचाचं. पिशाच हे स्वभावतःच न दिसणारं मानलं, तर ते दिसत नाही यावरून ते नाही असं म्हणता येणार नाही. उरतो तो फक्त संशय. पण तो संशय दोन्ही बाजूंनी आहे, हे लक्षात ठेवा. ‘दिसत नाही म्हणून नाही’ जसं म्हणता येत नाही, तसं ‘नाही असं सिद्ध झालं नाही म्हणून आहे’ हेही म्हणता येत नाही.

आता वेशीवरच्या पिंपळावरचा मुंजा घ्या. ‘अमावास्येला रात्री बाराला तो पारावर बसतो, सगळ्यांना दिसतो’ असा दावा असेल, तर चार जणांनी कंदील घेऊन तिथे बसावं. नाही दिसला, तर तो नाही, असं म्हणायला पक्कं कारण मिळालं. मग कोणी म्हणतं, ‘कंदील बघून तो येत नाही.’ कंदील विझवला तर, ‘श्रद्धा नसलेल्याला दिसत नाही.’ दर वेळी दावा थोडा आक्रसतो, आणि शेवटी मुंजा असला काय नि नसला काय, पिंपळाच्या पानालाही फरक पडत नाही. त्या टप्प्याला मी म्हणेन की पुरावा नसण्यापेक्षा मोठी अडचण आलीय: दावाच शिल्लक उरलेला नाही.

देवाचंही तसंच. नवसाला पावणारा, आजार बरे करणारा, अमुक वारी उपास केला की नोकरी लावणारा देव असेल, तर त्याच्या खुणा दिसायला हव्यात. त्या दिसत नाहीत, हे ‘नाही’च्या बाजूचं वजन आहे. निर्गुण, निराकार, जगात कुठेही वेगळी खूण न सोडणारं तत्त्व असेल, तर न दिसण्याने त्याचं काही बिघडत नाही. मला खटकतं ते सकाळी पहिला आणि संध्याकाळी दुसरा देव पुढे करणं. ‘त्याच्याच कृपेने पोरगं वाचलं’ म्हणायचं आणि शेजारचं पोर का गेलं असं विचारलं की ‘त्याच्या लीला आपल्याला कळत नाहीत’ म्हणायचं.

रसेलची किटली म्हणजे काय? तिने वाद संपतो का?

बर्ट्रंड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५२ मध्ये एका साप्ताहिकासाठी लेख लिहिला. त्या वेळी तो छापला गेला नाही, पण त्यातली किटली जगभर गेली. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरतेय, आणि ती इतकी लहान आहे की कोणत्याही दुर्बिणीला दिसणार नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही मला खोटं पाडू शकणार नाही. म्हणून तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा का? अर्थात नाही.

किटलीने एवढंच सिद्ध होतं की खोडता न येणं हे मान्य करण्याचं कारण होत नाही. त्यापुढे तिला ताणू नये. किटली नाही असं आपण खात्रीने म्हणतो त्याला वेगळी कारणं आहेत. किटल्या भट्टीत भाजून तयार होतात, त्या तिथपर्यंत न्यायला रॉकेट लागतं आणि असं रॉकेट कोणी सोडलेलं नाही. देवाबाबत अशी आजूबाजूची माहिती दोन्ही बाजू वेगवेगळी लावतात, म्हणूनच तर वाद आहे.

आस्तिकांनी पुरावा द्यायची जबाबदारी कधी घेतली आहे का?

घेतली आहे, आणि आजच्या बहुतेक प्रवचनकारांपेक्षा कितीतरी जास्त प्रामाणिकपणे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. त्यांच्या न्यायकुसुमांजली या ग्रंथाचा हेतूच ईश्वर सिद्ध करणं हा आहे. विरोधकांचा मुद्दा होता की ईश्वर दिसत नाही. उदयनांनी वर सांगितलेली योग्यतेचीच अट वापरली: जो डोळ्यांना दिसण्याजोगाच नाही, त्याच्या न दिसण्यावरून काय ठरणार? माझ्या मते हे उत्तर बिनचूक आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. न दिसण्याने ईश्वर खोडला जात नाही म्हणजे तो सिद्ध झाला असं होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अनुमानं मांडली. जग हे घड्यासारखं कार्य आहे, तेव्हा कुंभारासारखा त्याचा कर्ता हवा. एवढं जड जग सावरून धरलं गेलंय, तेव्हा धरणारा हवा. अशी ही यादी आहे.

त्यांच्याबद्दल एक आख्यायिका पंडितांत आवडीने सांगितली जाते. उदयन जगन्नाथपुरीला गेले तर देवळाचं दार बंद. चिडून ते देवालाच म्हणाले, ऐश्वर्याच्या मदात आज माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध समोर ठाकतात तेव्हा तुझं असणं माझ्यावर अवलंबून असतं! घडलं असो वा नसो, पुरावा द्यायचं ओझं आपल्या खांद्यावर आहे याची एवढी रोखठोक कबुली आस्तिकाच्या तोंडून दुसरीकडे मिळणं अवघड.

आणि दुसऱ्या बाजूला कोण होतं? फक्त बौद्ध, जैन आणि चार्वाक होते असं समजू नका. वेद प्रमाण मानणारे, यज्ञ करणारे कुमारिल भट्टसुद्धा जगाचा निर्माता मानत नव्हते. त्यांचे प्रश्न आजही जड जातात. कुंभाराला हातपाय असतात, या कर्त्याला शरीर होतं का? होतं, तर ते कोणी घडवलं? नव्हतं, तर त्याने घडवलं कशाने? जग निर्माण करण्याची त्याला गरज काय पडली? आणि आरंभी हे पाहायला कोण हजर होतं? सांख्यसूत्रांतही ईश्वर सिद्ध होत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. त्या मापाने देव न मानणारे कुमारिल पक्के आस्तिक ठरतात. ‘आपली संस्कृती आस्तिक, नास्तिकता पाश्चात्त्यांकडून आली’ असं म्हणणाऱ्यांनी कुमारिलांना कुठे बसवायचं ते ठरवावं.

नास्तिक नुसतंच खोडत बसतात, स्वतःचं काही मांडत नाहीत. हे चालतं का?

‘न्याय’ या जुन्या तर्कशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याची पाडायची ती वितंडा. वितंडवादी हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो, पण वितंडा हा बेकायदा प्रकार नव्हता. समोरच्याचं म्हणणं चुकीचं आहे एवढंच दाखवायचं असेल, तर स्वतःचं मांडायची सक्ती नाही. घड्याला तडा आहे हे दाखवायला कुंभार असावं लागत नाही.

मात्र एक लबाडी चालते आणि ती नास्तिकांकडून पुष्कळ होते. चर्चेत म्हणायचं, ‘माझं काहीच विधान नाही, मी फक्त अविश्वास दाखवतोय.’ आणि चहाला बाहेर पडलं की, ‘हे सगळं थोतांड आहे, देव माणसाने भीतीपोटी निर्माण केला.’ ही दोन दणदणीत विधानं झाली. देवाची कल्पना भीतीतून आली हा इतिहास आणि मानसशास्त्राचा दावा आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो. आणि कल्पना भीतीतून आली असं दाखवलं तरी ती खोटी ठरत नाही. सापाची भीतीही भीतीच आहे, साप खरे असतात.

अशी कोणती विधानं आहेत ज्यांचा पुरावा नास्तिकानेच द्यायचा?

‘विश्वाला कोणतंही कारण नाही.’ ‘धर्म गेला की समाज सुधारेल.’ ‘धार्मिक माणसं कमी बुद्धीची असतात.’ ही तिन्ही वाक्यं मी सभांमधून ऐकली आहेत आणि तिन्हींना पुरावा कोणी मागितला नाही, कारण सभेत सगळे आपलेच होते.

नास्तिकाकडे बाजू मांडायला काहीच नसतं असंही नाही. भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपल्या नास्तिकतेची कारणं लिहिली. पुरावा द्या म्हणून ते हात झटकत नाहीत, उलट प्रश्न अंगावर घेतात. तुमचा देव सर्वशक्तिमान आहे, तर गुन्हा करायला निघालेल्या माणसाला तो आधीच का अडवत नाही? हा युक्तिवाद सर्वशक्तिमान आणि दयाळू देवाच्या विरोधात जातो. तो बरोबर असेल तर त्या देवापुरतं ‘नाही’ सिद्ध होतं. उदासीन किंवा दुबळ्या देवाला तो लागू पडत नाही. म्हणून नास्तिकानेही आपण कोणता देव नाकारतोय ते सांगितलं पाहिजे.

‘मला माहीत नाही’ म्हणणारे कुठे बसतात?

अज्ञेयवादासाठीचा इंग्रजी शब्द टी. एच. हक्स्ले या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये रूढ केला. आपल्याकडे ‘सुधारक’कार आगरकरांचं नाव या संदर्भात घेतलं जातं. अज्ञेयवाद हे आस्तिक आणि नास्तिक यांच्यामधलं बाकडं आहे असं समजतात, ते तितकंसं खरं नाही. ‘कळू शकतं का’ हा एक प्रश्न, ‘तू मानतोस का’ हा दुसरा. कळू शकत नाही असं समजूनही भक्ती करणारे असतात आणि न मानणारेही असतात.

मला स्वतःला अनुभव आलाय. तो पुरावा नाही का?

तुमच्यासाठी असू शकतो. तुमचा अनुभव खोटा आहे असं म्हणणारा नास्तिक तुमच्या मनात डोकावून आलेला नाही, तेव्हा त्याने जपून बोलावं. पण अनुभव आला हे एक वाक्य, आणि त्या अनुभवाचं कारण देव हे दुसरं. वारीत पंढरपूर जवळ आल्यावर ऊर भरून येतो, हे मी नाकारणार नाही. मक्केत, फ्रान्समधल्या लूर्दला, अमृतसरलाही माणसांचे ऊर भरून येतात, आणि तिथले लोक त्याचं कारण वेगळं सांगतात. सगळ्यांची कारणं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

गांधीजींनी आत्मकथेत एक प्रसंग दिला आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ हे ब्रिटनमधले नावाजलेले नास्तिक, आणि खासदार. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते पाहुणे म्हणून आले होते. १८९१ मध्ये ते वारले तेव्हा लंडनमध्ये शिकणारे गांधी त्यांच्या अंत्यविधीला गेले. परतताना स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना गर्दीतल्या एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठलं. देव आहे असं मानता ना? मानतो. पृथ्वीचा घेर अठ्ठावीस हजार मैल आहे हेही मानता? हो. मग तुमचा देव केवढा आहे आणि कुठे आहे, सांगा. पाद्री हळूच म्हणाला, आपल्याला उमगलं तर तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. ‘मला काय लहान मूल समजता?’ असं म्हणून त्या गृहस्थाने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. पाद्री गप्प बसला. या संवादाने गांधींच्या मनात नास्तिकतेबद्दलची अढी आणखी वाढली.

नास्तिक असूनही मला इथे त्या पाद्र्याची बाजू घ्यावीशी वाटते. देवाची लांबी-रुंदी मागणं म्हणजे पाद्र्याने न केलेल्या विधानाचा पुरावा मागणं. त्याचं खरं विधान होतं ‘हृदयात आहे’, आणि त्याचा अर्थ काय, हे विचारायची संधी त्या विजयी वीराने घालवली. (शिवाय पृथ्वीचा घेर सुमारे पंचवीस हजार मैल आहे. पुरावा मागणाऱ्याचाच आकडा तीन हजार मैलांनी चुकलेला!)

अंधश्रद्धा निर्मूलनवाले आव्हान देतात, बक्षीस लावतात. तो पुरावा मागण्याचाच प्रकार ना?

हो, आणि त्यातला सर्वांत स्वच्छ प्रकार. श्रीलंकेतले अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये जाहीर केलं की, फसवणुकीला वाव नसलेल्या परिस्थितीत चमत्कार करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये देईन. १९७८ मध्ये ते वारले, पैसे कोणी जिंकले नाहीत. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही (अंनिस) ही पद्धत चालवली. यात महत्त्वाचं काम चमत्काराच्या आधी होतं: दावा नेमका काय, तो कुठे करून दाखवायचा, यश कशाला म्हणायचं आणि अपयश कशाला, हे दोन्ही बाजूंनी कागदावर लिहून घ्यायचं. बहुतेक बाबा या कागदाशीच गळतात.

पण यात जे सिद्ध होतं ते त्या बाबाबद्दल, देवाबद्दल नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे वारंवार स्पष्ट करत. समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेच्या विरोधात आहे, ही त्यांची जाहीर भूमिका होती. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यातही देव मानण्याला बंदी नाही, हे तो न वाचता विरोध करणाऱ्यांना सांगून लोक थकले.

विज्ञानावर तुम्ही विश्वास ठेवता, तीही श्रद्धाच की!

मी स्वतः अणू पाहिलेला नाही, हे खरं. दुसऱ्याच्या शब्दावर मी रोज विसंबतो. आपल्या परंपरेत याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि त्याला अट आहे की सांगणारा आप्त, म्हणजे जाणकार आणि खरं बोलणारा असावा. तो आप्त आहे हे तपासायला वाट आहे का, एवढंच मी पाहतो. प्रयोगशाळेचा निष्कर्ष चुकला तर दुसरी प्रयोगशाळा तो जाहीरपणे पाडते आणि त्याबद्दल तिला शाबासकी मिळते. ही सोय ज्या क्षेत्रात आहे, तिथे विसंबणं आणि जिथे नाही तिथे विसंबणं, या दोन्हींना एकच नाव देऊन चालणार नाही.

नास्तिक मत बदलतात का?

बदलतात. पुराव्याची जबाबदारी आस्तिकावर आहे, सुरुवात नास्तिकतेपासूनच व्हावी, हा मुद्दा विसाव्या शतकात सर्वांत ठामपणे मांडला तो अँटनी फ्लू या ब्रिटिश तत्त्वज्ञाने, १९७२ मध्ये. २००४ मध्ये त्यानेच जाहीर केलं की विश्वामागे काहीएक बुद्धिमान कर्ता असावा असं आता मला वाटतं. त्याचा देव जगात ढवळाढवळ न करणारा होता. आस्तिकांनी पेढे वाटले, नास्तिकांनी म्हातारपणाला दोष दिला. मला दोन्ही प्रतिक्रिया हुकलेल्या वाटतात. पुरावा पाहून निर्णय घ्यायचा, हा त्याचा नियम जुनाच राहिला. पुरावा पुरेसा वाटल्यावर त्याने निर्णय बदलला. तो पुरावा मला पुरेसा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

कायदा नास्तिकतेला श्रद्धा मानतो का?

संरक्षण देण्यापुरती अनेक देशांत मानतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात धर्म किंवा श्रद्धा असण्याला जे कलम संरक्षण देतं, त्यातच ती नसणंही येतं. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने १९९३ च्या एका निकालात विचारस्वातंत्र्य नास्तिक, अज्ञेयवादी आणि ज्यांना या विषयाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठीही मोलाचं असल्याचं म्हटलं. अमेरिकेत २००५ मध्ये एका कैद्याला तुरुंगात नास्तिकांचा अभ्यासगट हवा होता. तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की घटनेच्या पहिल्या (धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या) दुरुस्तीपुरती नास्तिकतेला धर्मासारखीच वागणूक द्यावी. आस्तिक मित्र हा निकाल हमखास पुढे करतात. पण कायदा म्हणतो ‘याला धर्माइतकंच संरक्षण द्या’, आणि तेवढ्यावरून ‘हा धर्म आहे’ असं ठरत नाही.

आपल्याकडे राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे दोन पर्याय आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की’. आमदार यातला कोणताही घेऊ शकतो. हा दुसरा पर्याय ब्रिटिश संसदेत सुखासुखी मिळाला नाही. वर उल्लेख आलेले ब्रॅडलॉ १८८० मध्ये निवडून आले, पण शपथेच्या वादात त्यांना जागेवर बसायला १८८६ साल उजाडलं. १८८८ चा शपथेचा कायदा त्यांच्या खटपटीने झाला.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की, सरकारी अर्जात धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही. घटनेच्या २५व्या कलमात ‘मला कोणताही धर्म नाही’ म्हणण्याचं स्वातंत्र्यही येतं. गंमत म्हणजे हा खटला नास्तिकांनी आणलाच नव्हता. येशूवर श्रद्धा ठेवणारे, पण ख्रिस्ती धर्माचं लेबल नको असलेले लोक कोर्टात गेले होते.

मग जनगणनेत काय सांगायचं?

जे असेल ते. तुम्ही सांगाल तेच प्रगणकाने लिहायचं असतं. आडनावावरून किंवा भिंतीवरच्या फोटोवरून त्याने ठरवायचं नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८.७ लाख लोकांनी धर्म सांगितला नाही. नास्तिक अशी स्पष्ट नोंद करणारे देशभरात जेमतेम ३३ हजार निघाले, आणि त्यातले सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. खरी संख्या याहून मोठी असणार असं मला वाटतं, कारण अनेक घरांत प्रगणकाशी दारात वडीलधारं माणूस बोलतं आणि सगळ्यांच्या नावापुढे एकच धर्म सांगून मोकळं होतं. तेव्हा नोंद हवी असेल, तर त्या दिवशी दार तुम्ही उघडा.